विश्लेषण: विजेच्या धक्क्याने वाळूची काच कशी होते? आणि तुटलेल्या तारेखाली सापडणारी काच काय सांगते?

आकाशातली वीज कोरड्या वाळूवर पडली तर वाळूत एक नळी तयार होते. ही नळी काचेची असते. आतून गुळगुळीत, बाहेरून खरखरीत आणि झाडाच्या मुळासारखे फाटे फुटलेली. भूवैज्ञानिक तिला फल्गुराइट म्हणतात. लॅटिन भाषेत 'फुल्गुर' म्हणजे वीज, त्यावरून हे नाव आले.

अशी काच फक्त आकाशातल्या विजेनेच होते असे नाही. शेतावरून जाणारी उच्च दाबाची तार तुटून जमिनीवर पडली आणि तिच्यातला प्रवाह बंद झाला नाही, तर तिच्याखालची मातीही वितळून काचेसारखी होते. अशी काच दिसणे म्हणजे तार जमिनीवर पडूनही काही काळ जिवंत होती, याचा पुरावा असतो. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्यासारख्या भागात कपाशीच्या शेतांवरून, नाल्यांवरून आणि गुरांच्या वाटांवरून तारा जातात. तिथे ही गोष्ट नुसत्या कुतूहलाची राहत नाही.

वाळूची काच नेमकी कशी होते, त्यासाठी किती वीज लागते, काळ्या मातीत काय घडते आणि तार तुटल्यावर काय करावे, हे समजून घेऊ.

वाळू आणि काच यांत फरक काय?

पांढऱ्या वाळूचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. वाळूच्या कणात ते बहुतेक वेळा क्वार्ट्झच्या रूपात असते. आपण ज्याला गारगोटी म्हणतो तीही सिलिकाच. क्वार्ट्झमध्ये अणूंची मांडणी ठरावीक, पुन्हापुन्हा तीच येणारी असते. काचेतही तेच अणू असतात, पण मांडणी विस्कळीत असते. म्हणजे रासायनिकदृष्ट्या पदार्थ जवळजवळ तोच, रचना मात्र वेगळी.

ही रचना बदलायला दोन गोष्टी लागतात. पहिली, पदार्थ वितळला पाहिजे. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. दुसरी, तो भराभर थंड झाला पाहिजे. सावकाश थंड झाला तर अणूंना आपापल्या जागी बसायला वेळ मिळतो आणि स्फटिक तयार होतात. झटकन थंड झाला तर अणू जिथल्या तिथे अडकतात आणि काच होते.

थंड होण्याच्या वेगाचा परिणाम पाहायला पांढरकवड्यापासून लांब जावे लागत नाही. शेजारच्या झरी जामणी तालुक्यात शिबला गावाजवळ बेसाल्टचे कोनाकोनांचे खांब आढळले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाचा हा भाग. जाड थर हळूहळू थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि खांब तयार झाले. त्यातले खनिज बहुतांशी स्फटिकरूप आहे. तोच लाव्हा पाण्यात पडून झटक्यात थंड झाला असता तर त्याच्या कडेला काळी काच मिळाली असती.

फल्गुराइटमध्ये दोन्ही अटी एकदम पूर्ण होतात. वीज क्षणार्धात वाळू वितळवते. वितळलेला भाग जेमतेम बोटभर जाडीचा असतो आणि भोवतालची वाळू थंडगार असते. त्यामुळे तो लगेच गोठतो. फल्गुराइटमधल्या अशा शुद्ध सिलिकाच्या नैसर्गिक काचेला लेशातेलिएराइट म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातलिए यांच्या नावावरून हे नाव पडले.

उच्च दाब कशाला लागतो?

इथे एक गैरसमज नेहमी होतो. वाळू 'व्होल्टेजने' वितळते असे म्हटले जाते. प्रत्यक्षात वितळवण्याचे काम उष्णता करते आणि उष्णता तयार होते ती वाहणाऱ्या विद्युतधारेमुळे, म्हणजे करंटमुळे.

मग दाबाची गरज काय? कोरडी वाळू विजेची दुर्वाहक आहे. साध्या बॅटरीची दोन टोके वाळूत खुपसली तर काहीच होत नाही. कणाकणांमध्ये हवा असते आणि हवेतून वीज पार जायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. अंतर अगदी कमी असेल तर दाबही त्या प्रमाणात कमी पुरतो. दाब पुरेसा वाढला की कणांमधल्या फटींतून ठिणग्या उडू लागतात. ठिणगीच्या वाटेवरची हवा तापून विजेची सुवाहक बनते. एकदा वाट मोकळी झाली की तिच्यातून मोठी धारा वाहते आणि खरी उष्णता तिथे निर्माण होते.

उच्च दाब वाट उघडतो, धारा वितळवते, असे थोडक्यात म्हणता येईल. पुढे आणखी एक गोष्ट घडते. थंड काच दुर्वाहक असली तरी वितळलेली काच विजेची बऱ्यापैकी वाहक असते. त्यामुळे सुरुवात झाली की वितळलेला भागच धारेला पुढची वाट करून देतो. तुटलेल्या तारेखाली काच वाढत जाते ती याच कारणाने.

आकाशातल्या विजेत दोन्ही गोष्टी भरपूर असतात. ढग आणि जमीन यांच्यातला दाब कोट्यवधी व्होल्ट असतो. मुख्य झोताची धारा साधारण ३०,००० अँपिअर भरते आणि हवेतल्या मार्गाचे तापमान सुमारे ३०,००० अंशांपर्यंत जाते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्या पाचपटीहून जास्त. एकेक झोत मात्र सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच टिकतो.

नळी पोकळ का असते?

विजेच्या मार्गाच्या मध्यभागी वाळू नुसती वितळत नाही, तिची वाफ होते. कणांमधली हवा आणि ओलावाही एकदम फुगतो. हा दाब वितळलेल्या पदार्थाला बाहेर ढकलतो आणि मध्ये पोकळी राहते. पोकळीची आतली बाजू चकचकीत होते. बाहेरच्या बाजूला अर्धवट वितळलेले वाळूचे कण चिकटून राहतात, म्हणून ती हाताला खरखरीत लागते.

बहुतेक नळ्या काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर व्यासाच्या असतात. जसजशी धारा खाली जाते तसतशी ती विखुरते, म्हणून नळी निमुळती होते आणि फाटे फुटतात. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात वाळूतून काळजीपूर्वक उकरून काढलेल्या एका फल्गुराइटच्या दोन शाखा अनुक्रमे सुमारे ५.२ आणि ४.९ मीटर लांब भरल्या. काच नाजूक असते, त्यामुळे एवढी लांब नळी सलग मिळणे दुर्मीळ. बहुधा हाताशी येतात ते तुकडेच.

सगळी फल्गुराइट नळीसारखी नसतात. २०१२ मध्ये झालेल्या एका वर्गीकरणात त्यांचे चार मुख्य प्रकार केले आहेत: वाळूतील, चिकणमातीतील, चुनखडीयुक्त मातीतील आणि खडकावरील. खडकावर वीज पडली की नळी क्वचितच होते. पृष्ठभागावर काचेचा पातळ लेप, बुडबुडे किंवा छोटी छिद्रे दिसतात. डोंगरमाथ्यांवर हा प्रकार आढळतो.

किती विजेत किती काच?

एक किलो वाळू साधारण तापमानापासून वितळेपर्यंत तापवायला ढोबळमानाने २० लाख ज्यूल ऊर्जा लागते. घरगुती वीज बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. थोडीही उष्णता वाया गेली नाही असे धरले, तर एका युनिटमध्ये पावणेदोन किलोच्या आसपास वाळू वितळेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भोवती निघून जाते.

आकाशातल्या एका विजेची एकूण ऊर्जा १ अब्ज ज्यूल धरली, तर ती सुमारे २७८ युनिट होते. हा आकडा ऐकून निराशा होईल, कारण एखादे कुटुंब तेवढी वीज दोन-तीन महिन्यांत वापरते. त्यातलाही बहुतेक भाग हवा तापवण्यात, प्रकाशात आणि गडगडाटात जातो. वाळूच्या वाट्याला थोडीच येते. फ्लोरिडातील शेकडो फल्गुराइटांची जाडी मोजून संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की एक मीटर नळी तयार व्हायला साधारण दहा लाख ज्यूल किंवा त्याहून जास्त ऊर्जा लागलेली असते. म्हणजे फल्गुराइट ही त्या विजेने जमिनीत किती ऊर्जा सोडली याची नोंदच असते.

पॅरिसमधला जुना प्रयोग

विजेने काच करण्याचा प्रयत्न दोनशे वर्षांपूर्वीही झाला आहे. चार्ल्स डार्विन यांना 'बीगल' जहाजावरील प्रवासात आजच्या उरुग्वेतील माल्दोनादो येथे वाळूच्या टेकड्यांमध्ये अशा नळ्या सापडल्या. नळीचा बाहेरचा भाग चुरमडलेला होता. काच मऊ असताना भोवतालच्या वाळूने ती दाबली असावी, असे त्यांनी अनुमान काढले. १८३९ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यांनी याबरोबरच पॅरिसमधल्या एका प्रयोगाची हकीकत दिली.

आशेत आणि ब्यूदां या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बारीक कुटलेल्या काचेतून बॅटरीचे जोरदार झटके सोडले आणि त्यांना छोट्या नळ्या मिळाल्या. एक नळी जेमतेम इंचभर लांब होती आणि तिचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कुटलेल्या काचेत मीठ मिसळले तेव्हा नळ्या मोठ्या झाल्या, कारण मिश्रण लवकर वितळू लागले. शुद्ध क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांची भुकटी घेतली तेव्हा मात्र प्रयोग फसला. त्या काळची पॅरिसमधली सर्वांत शक्तिमान बॅटरी जे करू शकली नाही, ते माल्दोनादोच्या विजेने क्वार्ट्झच्या वाळूत केले होते. विजेच्या ताकदीचा अंदाज डार्विन यांनी यावरून बांधला.

आता संशोधक फ्लोरिडातील कँप ब्लँडिंग येथे बारीक तार बांधलेली छोटी रॉकेटे ढगांकडे सोडून वीज मुद्दाम खाली उतरवतात आणि तिने झालेले फल्गुराइट तपासतात. नैसर्गिक नमुन्यांचाही उपयोग होतो. इजिप्तच्या वाळवंटातील सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या एका फल्गुराइटच्या बुडबुड्यांत अडकलेल्या वायूंवरून, त्या जागी तेव्हा झाडोरा होता असा निष्कर्ष २००७ मध्ये काढण्यात आला.

कारखान्यात हेच तत्त्व

कारखान्यातली नेहमीची काच उच्च दाबाच्या विजेने होत नाही. सिलिका वाळूत सोडा राख आणि चुनखडी मिसळून ती भट्टीत वितळवतात. सोडा घातला की वितळण्याचे तापमान बरेच उतरते. पॅरिसच्या प्रयोगात मिठाने केले तेच काम इथे सोडा करतो. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसर सिलिका वाळूसाठी ओळखला जातो. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला, तोही भट्टीचाच.

विजेवर चालणाऱ्या काचभट्ट्याही असतात. त्यांत मॉलिब्डेनम धातूच्या कांड्या वितळलेल्या काचेत बुडवून त्यांतून धारा सोडतात. दाब काही शे व्होल्टच पुरतो, कारण वितळलेली काच स्वतःच धारा वाहते. सुरुवातीला मात्र ती बर्नरने वितळवून घ्यावी लागते.

आकाशातल्या विजेशी सर्वांत जवळचे नाते आहे ते क्वार्ट्झच्या मुशींचे. संगणकाच्या चिप आणि सौर पॅनल यांसाठी लागणारे सिलिकॉन ज्या मुशीत वितळवतात, ती मूस करताना गरगर फिरणाऱ्या साच्यात अतिशुद्ध क्वार्ट्झची वाळू टाकतात. ती साच्याच्या कडेला चिकटून राहते. मग मधोमध ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवतात आणि वाळू आतून वितळून काच होते. मूस आतून गुळगुळीत आणि बाहेरून खरखरीत राहते, अगदी फल्गुराइटसारखी.

पांढरकवड्याच्या जमिनीत काय होईल?

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्यालय. नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे हे गाव काळ्या मातीच्या, कपाशीच्या पट्ट्यात आहे. दक्षिणेला पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागते. इथल्या जमिनीत वीज शिरली तर वाळवंटातल्यासारखी पांढरी नळी मिळण्याची शक्यता कमी. त्याची कारणे तीन.

पहिले कारण ओलावा. पावसाळ्यात भिजलेली काळी माती विजेची चांगली वाहक असते. एक मीटर बाजूच्या घनाकार तुकड्याचा रोध मोजला, तर ओल्या काळ्या मातीत तो काही ओहम ते काही दहा ओहम भरतो आणि कोरड्या वाळूत हजारो ओहम. ओल्या मातीत धारा चहूकडे पसरते. एका बारीक वाटेवर सगळी उष्णता एकवटत नाही, म्हणून वितळणे कमी होते.

दुसरे कारण मातीचा घटक. काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. तिच्यात चिकणमाती आणि लोह जास्त, शुद्ध क्वार्ट्झ कमी. असे मिश्रण क्वार्ट्झपेक्षा कमी तापमानाला वितळते, पण त्याची काच काळपट किंवा हिरवट, बुडबुड्यांनी भरलेली आणि ठिसूळ होते. पहिल्या नजरेला ती विटांच्या भट्टीतल्या खंगरासारखी वाटते.

तिसरे कारण ऋतू. उन्हाळ्याच्या अखेरीस, मे-जूनमध्ये, विदर्भात मोसमी पावसाआधी गडगडाटी वादळे होतात. तेव्हा वरची माती कोरडी ठणठणीत असते आणि तिला भेगा पडलेल्या असतात. नदीपात्रातला वरचा वाळूचा थरही वाळलेला असतो. काच होण्याची शक्यता असलीच तर याच दिवसांत जास्त. उघड्या बेसाल्टच्या टेकाडावर वीज पडली, तर खडकावर काचेचा लेप येऊ शकतो. बेसाल्ट ११०० ते १२०० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे क्वार्ट्झपेक्षा बराच लवकर.

विदर्भात नैसर्गिक काचेचे प्रसिद्ध ठिकाण आहे, पण ती विजेची नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले आणि त्या आघातात बेसाल्ट वितळून काच झाली. तिथले तुकडे फल्गुराइट समजू नयेत.

'जमिनीतून लाव्हा निघाला' ही बातमी

शेतात किंवा रस्त्याकडेला जमीन धुमसते आहे, तिच्यातून लालभडक रस बाहेर येतो आहे, अशा बातम्या अधूनमधून येतात. तामिळनाडूतील तिरुनेलवेली परिसरात १९९८ पासून असे प्रकार नोंदले गेले. काही अभ्यासकांनी त्याचे कारण भूगर्भातील हालचालींत शोधले, तर काहींनी जवळच्या वीजवाहिन्यांमधून जमिनीत उतरलेल्या धारेकडे बोट दाखवले. त्रिपुरात २०१८ मध्ये विजेच्या खांबापाशी लाव्हासारखा पदार्थ दिसल्याने खळबळ उडाली होती.

ज्वालामुखीचा लाव्हा यायचा तर खाली वितळलेल्या खडकाचा साठा लागतो. दख्खनच्या पठारावरचे लाव्हाचे उद्रेक कोट्यवधी वर्षांपूर्वी थांबले आहेत. म्हणून अशी बातमी आली की आधी वर पाहावे. वरून तार जाते का? खांब, डीपी किंवा खांबाला आधार देणारी ताणाची तार जवळ आहे का? चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला की धारा लोखंडी खांबातून खाली उतरते आणि बुडाची माती वितळवू शकते. वितळलेल्या काचेत धातूचे थेंब सापडले तर तारेचा संशय बळावतो.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांमध्ये सापडलेल्या एका फल्गुराइटचे उदाहरण बोलके आहे. त्याजवळ एक वीजतार पडलेली होती. वितळलेली वाळू आणि तारेचा धातू यांच्या मिश्रणात शास्त्रज्ञांना क्वासिक्रिस्टल नावाची दुर्मीळ रचना आढळली. हे काम आकाशातल्या विजेचे की तारेचे, याबाबत त्यांनी दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या.

तार जमिनीवर पडली तरी वीज बंद का होत नाही?

सर्वसाधारण समज असा, की तार जमिनीला टेकली की उपकेंद्रात ब्रेकर पडतो आणि लाइन बंद होते. बऱ्याचदा तसे होतेही. पण ब्रेकरला सूचना देणारा रिले धारेचे प्रमाण पाहतो. जमिनीत जाणारी धारा कमी असेल, तर रिलेला तो नेहमीचा भार वाटतो आणि लाइन चालूच राहते.

सुमारे साडेबारा हजार व्होल्टच्या वाहिनीची तार वेगवेगळ्या पृष्ठभागांवर टाकून अमेरिकेत झालेल्या चाचण्यांचे आकडे अभियांत्रिकीच्या अभ्यासात नेहमी दिले जातात:

कोरडी वाळू किंवा कोरडे डांबर: जवळजवळ ० अँपिअर
ओली वाळू: सुमारे १५ अँपिअर
कोरडे गवत: सुमारे २५ अँपिअर
ओले गवत: सुमारे ५० अँपिअर
सळईचे काँक्रीट: सुमारे ७५ अँपिअर

आपल्याकडे गावोगाव जाणारी वाहिनी ११ हजार व्होल्टची असते. तिच्या एका तारेचा जमिनीशी दाब सुमारे ६,३५० व्होल्ट. समजा तारेतून १० अँपिअर धारा जमिनीत जाते आहे. उपकेंद्राच्या दृष्टीने ही मामुली धारा. पण ६,३५० गुणिले १० म्हणजे ६३ किलोवॅटहून जास्त उष्णता, पाऊणशेहून अधिक अश्वशक्तीइतकी, मुख्यतः तार टेकलेल्या जागेभोवती बाहेर पडते. माती वितळते ती यामुळे. धारा ब्रेकर पाडायला अपुरी, पण माती वितळवायला आणि माणूस मारायला पुरेशी, अशी ही स्थिती असते. आणि ठिणग्या, धूर, उजेड काहीच नसलेली कोरड्या वाळूवरची तार तर सर्वांत फसवी, कारण तिचा पूर्ण दाब शाबूत असतो आणि ती कुणाच्या तरी पायाची वाट पाहत पडलेली असते.

तारेजवळ न जाताही धक्का कसा बसतो?

धारा जमिनीत शिरते त्या जागी दाब सर्वाधिक असतो आणि दूर जावे तसा तो उतरत जातो. त्यामुळे पुढचा पाय आणि मागचा पाय यांच्या जागी दाब वेगवेगळा असतो. तारेच्या जवळ हा फरक शेकडो व्होल्टचा असू शकतो. तो एका पायातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो.

बैल, गाय, म्हैस यांना धोका अधिक. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांतले अंतर माणसाच्या पावलापेक्षा जास्त असते आणि धारा छातीतून जाते. झाडावर वीज पडल्यावर खाली उभी असलेली गुरे एकदम दगावतात, त्याचेही एक मोठे कारण हेच.

तार पडलेली दिसली तर

तार शांत असली तरी ती जिवंत आहे असेच धरावे. गावात लाइट गेलेली असली तरी हाच नियम. शेतीपंपांची लाइन ठरावीक वेळी बंद-चालू होते, आणि काही वाहिन्यांवर बंद पडलेला पुरवठा आपोआप पुन्हा सुरू होतो. दुपारी मेलेली वाटणारी तार रात्री जिवंत होऊ शकते.

किमान दहा मीटर लांब थांबावे आणि इतरांना, गुरांना अडवावे. पाऊस पडून जमीन ओली असेल तर आणखी लांब. काठीने, दोरीने किंवा बांबूने तार सरकवू नये. ११ हजार व्होल्टसमोर वाळलेले लाकूडही भरवशाचे नाही. स्थानिक लाइनमनला आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे, खांबाचा क्रमांक दिसत असेल तर सांगावा.

नकळत जवळ पोचलेले असाल तर मोठी पावले टाकत पळू नका. दोन्ही पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, बोटभर-बोटभर सरकत मागे या. कुणी तारेला चिकटलेले असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावू नका. एकाला वाचवताना दुसरा जातो तो इथेच.

मातीत काच दिसली तर लाइन बंद झाल्यावर ती लाइनमनला दाखवावी. त्या जागी धारा बराच वेळ वाहत होती आणि तरीही रक्षण यंत्रणेने ती ओळखली नाही, ही माहिती दुरुस्तीसाठी मोलाची असते. डीपीचे अर्थिंगही तपासायला सांगावे. उन्हाळ्यात माती वाळून आकसली की अर्थिंगच्या पट्टीशी तिचा संपर्क सुटतो. म्हणून तर अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात व पाणी टाकतात.

आकाशातल्या विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आहे. आसपास वीज पडते आहे का आणि धोका आहे का, हे ते दाखवते. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून आणि मोकळ्या शेतातून निघून पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जाणे सर्वांत सुरक्षित.

घरी हा प्रयोग करता येईल का?

नाही. जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून वाळू वितळवण्याचे किंवा लाकडावर विजेची नक्षी उमटवण्याचे व्हिडिओ इंटरनेटवर दिसतात. त्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे २,००० व्होल्ट मिळतात आणि धारा माणसाचा जीव घ्यायला लागते त्याच्या कितीतरी पट. असा धक्का बसला की हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. लाकडावरच्या नक्षीच्या नादात परदेशात अनेकांचे प्राण गेले आहेत.

शाळेत हे तत्त्व दाखवायचे असेल तर सोपा आणि निर्धोक मार्ग आहे. कोरडी वाळू, ओली वाळू आणि मिठाच्या पाण्याने भिजवलेली वाळू अशा तीन वाट्या घ्याव्यात. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक मल्टीमीटर जोडून प्रत्येकीतून किती धारा जाते ते मोजावे. कोरड्या वाळूत काटा हलणार नाही, मिठाच्या वाळूत चटकन हलेल. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ का घालतात, याचे उत्तर विद्यार्थ्यांना तिथेच मिळेल. कोरड्या जमिनीवर पडलेली तार गप्प का राहते, हेही त्याच काट्यावर दिसेल.